इंदूरचा जुना नकाशा शोधताना: दिल्लीला निघण्याआधी आणि पोचल्यावर

"इंदूरचा जुना नकाशा हवाय" एवढंच सांगितलंत, तर अभिलेखागारातला माणूस तुमच्याकडे नुसता बघत राहील. त्यात त्याचा दोष नाही. सरकारी दप्तरात गावाच्या नावाचं कपाट नसतं, खात्याच्या नावाचं असतं. आणि नकाशा कुणी हौसेने काढलेला नसतो. हद्दीचा तंटा पेटला, रेल्वे न्यायची ठरली, प्लेग आला, छावणीला जमीन हवी झाली, की कुणीतरी कुणालातरी नकाशा काढायचा हुकूम सोडायचं. तो हुकूम कुणाचा आणि कशासाठी, हे कळलं की निम्मं काम झालं.

रामबागेतल्या पडलेल्या वाड्याची मूळ जागा शोधणारी माणसं, आर्किटेक्चरची मुलं, इतिहासात एम. ए. करणारे, किंवा निवृत्तीनंतर आपल्या पेठेचं पूर्वरूप बघायची हौस असलेले काका-मावशी, यांपैकी जे पहिल्यांदाच अभिलेखागाराची पायरी चढणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी ठरवा: कुणाचा नकाशा?

इंदुरात एकाच वेळी दोन सत्ता नांदत होत्या, आणि नकाशे शोधताना सगळा घोळ इथेच होतो. २१ डिसेंबर १८१७ ला होळकर आणि कंपनी सरकार यांच्यात महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदुरात आली आणि तिच्या पाठोपाठ कंपनी सरकारचा रेसिडेंट, म्हणजे दरबारात बसणारा इंग्रजांचा प्रतिनिधीही आला. राजवाडा, सराफा, जुनी इंदूर हा होळकर दरबारचा मुलूख. शहराच्या पूर्वेला रेसिडेन्सी, तिचा वेगळा बाजार, वेगळा कारभार. १८५४ पासून तर सेंट्रल इंडिया एजन्सीचं, म्हणजे या भागातल्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रजी कचेरीचं, मुख्य ठाणंच इथे होतं. एकाच गावात दोन कचेऱ्या, म्हणून कागदांचेही दोन प्रवाह. ते आजही एका छपराखाली आलेले नाहीत.

रेसिडेन्सीचे आणि एजन्सीचे कागद भारत सरकारकडे गेले. ते दिल्लीला, जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ही संस्था ११ मार्च १८९१ ला कलकत्त्यात सुरू झाली आणि दिल्लीची तिची इमारत १९२६ ची. देशाची मोजणी करून नकाशे काढणाऱ्या सर्वे ऑफ इंडिया या सरकारी खात्याचे ऐतिहासिक नकाशेही तिथेच.

होळकर दरबारच्या कागदांचा प्रवास वेगळा. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. त्या राज्याच्या राजधान्याही दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि कारभार भोपाळला गेला. त्यामुळे दरबारच्या दप्तरासाठी आधी भोपाळचं राज्य अभिलेखागार बघायचं. ते पुरातत्त्व, अभिलेखागार आणि संग्रहालय संचालनालयाच्या अखत्यारीत येतं. भोपाळमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचंही प्रादेशिक कार्यालय आहे, पण तिथे मुख्यतः भोपाळ संस्थानचे कागद. रिक्षावाल्याला नुसतं "अभिलेखागार" सांगितलंत तर भलत्याच दारात उतराल.

शेताचा खसरा (मोजणीचा क्रमांक आणि नोंद), वाड्याच्या प्लॉटची हद्द, नझूलची (सरकारी मालकीची) जमीन असं काही हवं असेल तर दिल्लीचं तिकीट काढूच नका. ते काम कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूमचं, तहसिलीचं आणि पटवाऱ्याचं. राज्याच्या भू-अभिलेख आयुक्तांचं मुख्यालय अनेक वर्षं ग्वाल्हेरला मोतीमहालात होतं, हेही माहीत असू द्या. १८१८ च्या आधीचं काही हवं असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर आणि मंदसौर जिल्ह्यातल्या सीतामऊची नटनागर शोध संस्था, ही दोन नावं टिपून ठेवा.

माझं मत विचाराल तर शहराच्या आतल्या गल्लीबोळांसाठी आधी भोपाळ. रेसिडेन्सी, छावणी, महू, रेल्वे आणि संस्थानच्या हद्दी यांच्यासाठी दिल्ली.

घरबसल्या होणारं काम घरीच उरका

राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" नावाचं संकेतस्थळ आहे. नोंदणी करा आणि यादीत शोधा. पुष्कळ फायली स्कॅन होऊन तिथे चढल्या आहेत, त्या घरूनच वाचता येतात. ज्या चढलेल्या नाहीत त्यांचा निदान संदर्भ क्रमांक मिळतो, आणि तो हातात असणं हेच मोठं भांडवल.

शोधताना आजचं स्पेलिंग टाकून थांबू नका. इंग्रज कारकून कानावर पडेल तसं लिहीत. इंदूर शेवटी ई लावून, ई न लावता, मध्ये दोन ओ घालून, असं सगळं सापडतं. उज्जैनचं ओजीन, नर्मदेचं नर्बदा, महेश्वरला चोळी महेश्वर. खान नदीही दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली असते. नकाशा या शब्दावरही अडून बसू नका. मॅप, प्लॅन, स्केच, ट्रेस, सर्वे, बाउंडरी, साइट हे शब्द एकेक करून टाका. "बाउंडरी" आणि "लँड" टाकल्यावर जे हाती लागतं ते "मॅप" टाकल्यावर अनेकदा लागत नाही. कारण फाइलीचं नाव भांडणावरून पडतं आणि नकाशा तिच्या पोटात असतो.

पॅट्रिक गेडिसचा अहवालही दिल्लीला जाण्याआधीच वाचून काढा. या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूरचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये दोन खंडांत तो छापून आला. त्यात शहराचे आराखडे आहेत, मोहल्ल्यामोहल्ल्याचं वर्णन आहे, नदीकाठासाठी सूचना आहेत. इंटरनेटवर तो मोफत वाचता येतो. हाच गेडिस प्लेगच्या दिवसांत एका दिवसाचा महाराजा झाला होता आणि उंदराचा मोठा पुतळा घेऊन त्याने दिवाळीची मिरवणूक काढली होती, एवढं सांगितलं तरी घरातली मुलं अहवालाची पानं उलटायला लागतील.

सूची कशी वाचायची

दिल्लीत नकाशापर्यंत पोचायच्या वाटा दोन.

पहिली सर्वे ऑफ इंडियाच्या संग्रहाची. अभिलेखागाराने त्याच्या छापील सूची काढल्या आहेत. एक १७०० ते १९०० च्या ऐतिहासिक नकाशांची, दुसरी एम. आर. आय. ओ. नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकीर्ण नकाशांची. एम. आर. आय. ओ. म्हणजे सर्वेची नकाशे जपण्याची आणि देण्याची कचेरी. या सूचींत नकाशाचं शीर्षक, साल, स्केल, मोजणीदाराचं नाव आणि फोलिओ क्रमांक असं मिळतं. मालवा, सेंट्रल इंडिया, होळकर, नर्बदा या नोंदींखाली आपलं काम बहुधा निघतं.

दुसरी वाट फायलींची. ती लांबची आहे, पण माल तिथेच. संस्थानांचा सगळा व्यवहार फॉरेन डिपार्टमेंटकडे असे. पुढे त्याचंच नाव फॉरेन अँड पोलिटिकल झालं. त्याच्या कागदपत्रांना वर्षवार छापील निर्देशसूची आहेत. त्यांत महिना, वर्ष, प्रोसिडिंग क्रमांक आणि ए किंवा बी हा वर्ग दिलेला असतो. ए म्हणजे महत्त्वाचे मानून छापलेले कागद, बी म्हणजे किरकोळ. नवखे लोक बी वर्ग वगळतात. तसं करू नका. भिंत कुणाची, नाला कुणाच्या हद्दीत, बाजाराचा जकातीचा नाका कुठे, असले तंटे सरकारला किरकोळच वाटत, आणि गल्लीच्या पातळीचा नकाशा अशाच तंट्यात जोडलेला असतो. काही नोंदींपुढे के. डब्ल्यू. लिहिलेलं दिसेल. ते फाइलीसोबत ठेवलेले टिपणांचे कागद. तेही मागा.

एक उदाहरण घेऊ. १८५७ च्या उठावात, १ जुलैला, होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानाच्या पुढाकाराने इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि तिथला इंग्रज अधिकारी कर्नल ड्युरँड सीहोरकडे निघून गेला. त्या वेळची रेसिडेन्सी कशी मांडलेली होती हे तुम्हाला बघायचं आहे. मग "रेसिडेन्सीचा नकाशा" असं शोधत बसायचं नाही. तारीख धरायची. फॉरेन डिपार्टमेंटच्या १८५७ च्या उत्तरार्धाच्या आणि १८५८ च्या सूचीत इंदूर, होळकर, ड्युरँड ही तिन्ही नावं काढायची, आणि नंतर इमारतींच्या दुरुस्तीचा, नुकसानभरपाईचा, संरक्षणाचा पत्रव्यवहार चाळायचा. कोणतीही घटना झाली की तिच्यानंतर खर्चाची मागणी होते, आणि मागणीबरोबर आराखडा जोडायची रीत होती.

रेल्वेचं असंच. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं. म्हणजे पैशाची बोलणी फॉरेनकडे आणि रुळांची आखणी पब्लिक वर्क्सच्या रेल्वे शाखेकडे. एकाच विषयाच्या दोन खात्यांच्या सूची बघाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

दारात पोचल्यावर

भारतीय नागरिकाने ओळखपत्र घ्यावं. विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र लेटरहेडवर आणा. पत्रात विषय नेमका लिहून घ्या. "इंदूरचा इतिहास" असं मोघम नको, "इंदूर रेसिडेन्सी आणि दरबारची हद्द, १८५४ ते १९३०" असं हवं. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे अभिलेखागाराकडे आलेले तीस वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले कागद खऱ्या अभ्यासकाला दाखवता येतात. सीमेलगतच्या आणि किनाऱ्याच्या प्रदेशांचे नकाशे जुने असले तरी त्यांवर निर्बंध असू शकतात. आपलं इंदूर चहूबाजूंनी जमिनीने वेढलेलं आणि सरहद्दीपासून लांब, त्यामुळे त्या कटकटीतून आपण सुटलो.

निघण्याआधी फोन करून किंवा मेल टाकून वाचनकक्षाच्या वेळा, सुट्ट्या आणि नकाशांचे फोटो काढता येतात का, हे विचारून घ्या. एकाच दिवसात काम उरकून रात्रीची गाडी पकडू, हा बेत आखू नका. चिठ्ठी दिल्यापासून नकाशा टेबलावर येईपर्यंत वेळ जातो, आणि दिवसाला चिठ्ठ्या किती द्यायच्या यालाही मर्यादा असते.

मागणीच्या चिठ्ठीत खातं, शाखा, महिना, साल, वर्ग, क्रमांक हे सगळं अचूक लिहा. त्यातलं एक जरी चुकलं तरी चिठ्ठी कागदाविना परत येते. बरोबर असली तरी येते म्हणा. परत आलेल्या चिठ्ठीवर एन. टी. लिहिलेलं असेल तर तो कागद मूळ खात्याकडून अभिलेखागाराकडे आलेलाच नाही. ब्रिटल लिहिलं असेल तर तो उघडण्याच्या अवस्थेत नाही. अशा वेळी मायक्रोफिल्म किंवा स्कॅन आहे का, हे विचारायचं. हिरमुसून बसायचं नाही आणि काउंटरवर वाद तर मुळीच घालायचा नाही. तीच माणसं उद्याही तुमच्या चिठ्ठ्या हातात घेणार आहेत. एन. टी. आली तर त्याच विषयाची प्रत एजन्सीच्या फाइलीत सापडते का बघा. पत्र दोन ठिकाणी असतं, पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे. इंदूरहून कलकत्त्याला किंवा सिमल्याला गेलेल्या पत्राचं एक टोक सेंट्रल इंडिया एजन्सीच्या दप्तरात असायला हवं.

फाइल आली आणि आत नकाशा नाही, असंही होतं. मागच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला आहे का बघा. नसेल तर फाइलीत तो वेगळा काढल्याची टीप आहे का शोधा. मोठे नकाशे जपण्यासाठी वेगळे ठेवले जातात. ती टीप दाखवून नकाशांच्या विभागात विचारणा करायची.

टेबलावर नकाशा आला

पेन नाही, पेन्सिल. पिशवी, पाण्याची बाटली आणि डबा बाहेर. हात धुऊन कोरडे करा. एक भिंग, एक सेंटिमीटर-इंच अशी दोन्ही मापं असलेली पट्टी आणि कोऱ्या कागदांची वही पुरे. पट्टीही नकाशावर घासत नेऊ नका, शेजारी धरा. नकाशावर कागद ठेवून गिरवणं तर अजिबात नको.

पुष्कळ जुने नकाशे कापडावर चिकटवलेले असतात. ते घडीवर कमजोर झालेले असतात. घडी स्वतः उलगडू नका, कर्मचाऱ्याला सांगा. हाताने रंगवलेल्या नकाशात हिरवा रंग असेल तिथे जास्त सांभाळा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग काळाच्या ओघात कागद खातो, आणि बाग किंवा हद्दीची पट्टी नेमकी तिथेच तुकड्याने सुटते. निळे ब्ल्यूप्रिंट उजेडात फिके पडतात. ते बघून झाले की झाकून ठेवा.

स्केल, साल आणि सरकलेलं इंदूर

आधी स्केल बघा. नकाशा तुमच्या कामाचा आहे की नाही ते तिथेच कळतं. सर्वेच्या जुन्या ॲटलस शीट एक इंचाला चार मैल या मापाच्या. त्यांवर राजवाडा ते रेसिडेन्सी हे अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास भरेल. तिथे तुमची गल्ली शोधण्यात अर्थ नाही. एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०, यावर गावं, रस्ते, नाले नीट दिसतात. मैलाला सोळा इंच असेल तर एका इंचात ३३० फूट येतात आणि मोठ्या वाड्याची आकृती ओळखू येते. काही आराखड्यांत माप साखळ्यांत दिलेलं असतं. गुंटरची साखळी ६६ फुटांची आणि ८० साखळ्यांचा एक मैल, एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १९०५ नंतरच्या पद्धतीच्या सर्वे शीटमध्ये जुन्या इंदूरचा भाग ४६ एन/१४ मध्ये येतो, उत्तरेकडची वस्ती ४६ एन/१३ मध्ये.

मग साल. छापील नकाशावर दोन-तीन सालं असतात, ती वेगवेगळी ओळखायची: मोजणी कधीची, छपाई कधीची, दुरुस्ती कधीची. नवी रेल्वे आली की छपाईच्या जुन्याच पत्र्यावर रूळ कोरून शीट पुन्हा छापत. त्यामुळे रूळ १८७० च्या दशकातले आणि त्यांच्या आजूबाजूची गावं कितीतरी आधीच्या मोजणीतली, असा जोड सापडतो.

सालच नसेल तर शहरालाच विचारा. खंडव्याची रेल्वे नकाशात आहे? होळकर कॉलेज आहे? ते १८९१ चं. किंग एडवर्ड हॉल, म्हणजे आपला गांधी हॉल, दिसतो? तो १९०४ चा. डेली कॉलेज आजच्या जागेच्या इमारतीत आहे? ती १९१२ ची. जे दिसतं त्यावरून नकाशा कधीनंतरचा ते कळतं, जे दिसत नाही त्यावरून बहुधा कधीच्या आधीचा ते. यात एक खोच आहे. योजनेच्या आराखड्यात न बांधलेल्या गोष्टीही ऐटीत उभ्या असतात. गेडिसच्या आराखड्यांवरचे बगीचे आणि रस्ते बघून "पूर्वी इथे बाग होती" असं ठोकून देणारी माणसं मला भेटली आहेत. तुटक रेघ, वेगळा रंग, "प्रपोज्ड" हा शब्द, यांवर भिंग धरा. मगच मत बनवा.

दिशेचंही बघा. सर्वेच्या नकाशात उत्तर वर. देशी हाताच्या नकाशांत तसं असेलच असं नाही, माप तर बहुतेकदा नसतंच, आणि अक्षर मोडी. दरबारच्या दप्तरात मराठी मोडीतच चाले. ज्याला या विषयात पुढे जायचं आहे त्याने मोडी शिकून घ्यावी. भाषा आपलीच आहे, फक्त अक्षरओळख हवी.

आता सरकलेल्या इंदूरची गोष्ट. जुन्या शीटच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप असते की रेखांश मद्रास वेधशाळेच्या अमुक रेखांशावरून धरले आहेत. मद्रासचा तो आकडाच थोडा चुकीचा होता, त्यामुळे सगळ्या हिंदुस्थानचे रेखांश सुमारे अडीच मिनिटांनी जास्त आले. इंदूरच्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.७ किलोमीटर. म्हणजे नकाशावरच्या आकड्यांवर विसंबून तुम्ही तो क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत आजच्या नकाशावर बसवलात, तर राजवाडा चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला जाऊन बसेल. मोजणीदार अडाणी नव्हते. त्या मोजणीचा मूळ बिंदू आपल्याच राज्यात, विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजजवळ कल्याणपूरला आहे, आणि सिरोंजची आधाररेषा, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती जमिनीवर मापलेली रेघ, जॉर्ज एव्हरेस्टने १८२४-२५ मध्ये मोजली होती. आतली अंतरं चोख आहेत, सुरुवातीचा आकडा तेवढा सरकलेला.

म्हणून नकाशा बसवताना रेखांशांऐवजी जागेवरच्या खुणा धरा. राजवाडा चालेल. १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, पण जागा तीच आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, छत्रीबाग, रेसिडेन्सी कोठी, गांधी हॉल हेही चालतील. नदीचं वळण धरू नका. खान आणि सरस्वतीचे काठ माणसांनी इतके दाबले आणि बांधले आहेत की तिथे फसगत होते. खुणा शहराच्या चारही बाजूंना पसरलेल्या घ्या, सगळ्या राजवाड्याभोवतीच्या नकोत.

प्रत मागण्याआधी

सगळ्याची प्रत मागू नका, खर्च वाढतो आणि घरी गठ्ठा पडून राहतो. कामाचे नकाशे निवडा आणि अर्जात पूर्ण नकाशा हवा की एखादा भाग, किती रिझोल्यूशन, हे लिहा. स्कॅनमध्ये स्केलची पट्टी आणि तळाची टीप आली पाहिजे असं स्पष्ट नोंदवा. ती कापली गेली तर नकाशा मोजायला निरुपयोगी. छापायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती त्याच वेळी विचारा.

आणि प्रत्येक नकाशाची वहीत नोंद टेबलावरून उठण्याआधी करा: खातं, शाखा, महिना, साल, वर्ग, क्रमांक किंवा फोलिओ, शीर्षक जसंच्या तसं स्पेलिंगसह, स्केल, मोजणीचं साल, छपाईचं साल, मोजणीदाराचं नाव, हाताने काढलेला की छापील, लांबी-रुंदी, कागद की कापड. ज्या फाइलीत तो सापडला तिच्यातल्या मागच्या-पुढच्या दोन-चार पत्रांचा सारांशही तिथेच लिहून घ्या. हद्दीची लाल रेघ दरबारने आखलेली की रेसिडेंटने, हे त्या पत्रांतच असतं.